आठवी उतरंड

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं आहे. आमच्या घरात ती फक्त लग्न ठरलेल्या मुलीला सांगतात, हळदीच्या आदल्या दिवशी, दार लोटून घेऊन. मी नववीत आहे. पण मावशी माझ्या थोरल्या बहिणीला ती सांगत होती तेव्हा मी त्याच खोलीत बसून अक्षतांचे तांदूळ निवडत होते. मी गप्प बसले की मी तिथे आहे हे लोक विसरतात. मावशीही विसरली.

गोष्ट ऐकल्यावर मला वाटलं, ही फक्त नवऱ्या मुलींनीच ऐकायची गोष्ट नाही. म्हणून जशी ऐकली तशी लिहिते.

खूप जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, एका राज्याच्या अगदी कडेला एक वाळवंट होतं. वाळवंटाच्या कडेला एक गाव होतं. गावाला एकच विहीर होती. पाणी खोल होतं, पण गोड होतं आणि उन्हाळ्यातही आटत नसे.

गावापासून जवळच एक कमान होती. ती कुणी बांधली नव्हती. तांबड्या खडकाची एक भिंत होती. वाऱ्याने आणि वाळूने तिचं पोट घासत घासत नेलं आणि एके दिवशी तिच्यातून आरपार आभाळ दिसू लागलं. त्या खडकावरून हात फिरवला तर बोटांना वाळू लागे. कमान एवढी उंच होती की लादलेला उंट मान न वाकवता तिच्याखालून जाई.

कमानीची वाट सोपी होती. मोठा चढ नाही, मोठा उतार नाही. चुलीवर डाळ टाकून निघालं तर ती शिजायच्या आत कमानीला हात लावून परत येता येई. म्हातारी माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला तिथे जात. घरात भांडण झालं की बायकाही जात आणि येईपर्यंत राग उतरलेला असे.

पण खरं म्हणजे तिथे वाट अशी नव्हतीच. सगळा उघडा, गुळगुळीत खडक. त्यावर पाऊल उमटत नसे, आणि जिथे थोडी वाळू होती तिथे उमटलेलं पाऊल वारा पुसून टाकी. दोन्ही बाजूंना उलट्या टोपल्यांसारखे गोल खडक होते, सगळे एकसारखे. गाव खोलगट जागी होतं, त्यामुळे कमानीपाशी उभं राहून ना विहीर दिसे, ना चुलींचा धूर.

म्हणून पूर्वीच्या कुणीतरी सात ठिकाणी दगडांवर दगड रचून ठेवले होते. मोठा दगड खाली, लहान वर. घरात एकावर एक ठेवलेल्या मडक्यांसारखे ते दिसत, म्हणून गावातले लोक त्यांना उतरंड म्हणत. एका उतरंडीपाशी उभं राहिलं की पुढची दिसे. सातही उतरंडी संपल्या की विहिरीच्या रहाटाचा आवाज ऐकू येई.

पलीकडून, मोठ्या वाळवंटातून येणारी माणसं नऊ दिवस चालून कमानीपाशी पोचत. त्यांची एक रीत होती. कमानीखाली आलं की पखालीत उरलेलं सगळं पाणी ते उंटाला पाजत. स्वतःसाठी घोटभरही ठेवत नसत. इतके दिवस ज्याने ओझं वाहिलं त्याचा मान आधी, आणि विहीर काय, आता जवळच आहे. रिकामी पखाल खांद्यावर टाकून ते त्या सात उतरंडींच्या भरवशावर पुढे निघत.

गावात एक म्हातारा होता. त्याला सगळे वाटराखा म्हणत, कारण त्या वाटेची राखण त्याच्याकडे होती. काम विचित्र होतं. गावातल्या लोकांना उतरंडी रचायची फार हौस. मूल झालं, ताप उतरला, दोन जावांचा अबोला मिटला, की लोक कमानीपर्यंत फिरून येत आणि येताना वाटेत कुठेतरी चार दगड रचून ठेवत. वाटराखा रोज पहाटे जाई आणि त्या नव्या उतरंडी मोडून दगड पांगवून येई. सातच्या सात तेवढ्या ठेवी. लोकांना राग येई, पण तोंडावर कुणी बोलत नसे.

एका वर्षी म्हाताऱ्याचे गुडघे धरले. उंबरठा ओलांडायचा तरी त्याला भिंत धरावी लागे. मुलगा उंटांच्या तांड्याबरोबर दूरदेशी गेलेला. घरात एक सून होती. तिचं लग्न होऊन वर्षच झालं होतं.

म्हाताऱ्याने तिला हाक मारली. “सूनबाई, उद्यापासून वाट तू बघायची.”

“काय करायचं, मामंजी?”

“पहाटे जायचं. सात सोडून बाकीच्या मोडायच्या. पहिली कमानीपाशी आहे, सातवी विहिरीपाशी.”

सून हसली. “उलटं सांगताय. विहिरीपासून निघालं तर पहिली इथलीच ना?”

“नाही. पहिली कमानीपाशीच.”

“मग मी काय सातपासून खाली मोजत जाऊ?”

“तू मोजलं नाहीस तरी चालेल,” म्हातारा म्हणाला. “तुला वाट ठाऊक आहे.”

सुनेला त्यातलं काही कळलं नाही, आणि विचारत बसायला तिला धीर नव्हता. तिच्या पायाला भिंगरी होती. भाकरी थापताना ती दोनदा दारात जाऊन येई. पाणी भरताना एक घागर भरेपर्यंत ती विहिरीला दोन फेऱ्या घाली. शेजारची काकू म्हणायची, “अगं, जरा टेक कुठे तरी. तू उभी असलीस की माझेच पाय दुखतात.”

त्या वर्षी तिच्या अस्वस्थपणाला कारणही होतं. तिचं माहेर वाळवंटाच्या पलीकडे होतं. तिथून एका वाटसरूबरोबर आईचा निरोप आला होता: “माझ्याच्याने आता उठवत नाही. पुढच्या पावसाआधी एकदा तुला बघावंसं वाटतं. पुढल्या अमावस्येनंतर तुझ्या भावाला न्यायला पाठवते. तयार राहा.”

निरोप ऐकला त्याच दिवशी तिने गाठोडं बांधलं. अमावस्या अजून महिन्यावर होती. ती रोज गाठोडं सोडी, आतली लुगडी पुन्हा घडी घालून ठेवी आणि पुन्हा बांधी.

वाटेची राखण सुरू झाली. पहिले चार दिवस तिला बरं वाटलं. पाचव्या दिवशी कंटाळा आला. तीच वाट, तेच गोल खडक, तेच दगड. कुणी काल रचलेले आज मोडायचे, उद्या पुन्हा मोडायचे. मागून हाती काही उरत नाही. स्वयंपाकाला निदान भांडी तरी उरतात घासायला, असं तिला वाटे.

गावातली माणसं चेष्टा करत. “काय सूनबाई, निघालात का लगोरी फोडायला?”

“फोडा, फोडा. फक्त आमच्या नातवाची ठेवा. पोराला आत्ताच दात आलाय.”

सून तोंड लपवून पुढे जाई. तिला वाईटपणा नको होता. नव्या घरात, नव्या गावात वाईटपणा कुणाला हवा असतो?

एके दिवशी कमानीवरून परत येताना ती तिसऱ्या उतरंडीपाशी थांबली. तिथून डावीकडे थोडं वर चढलं की एक खडकाचा सज्जा होता. त्यावर उभं राहिलं की सगळं वाळवंट दिसे, लाटांवर लाटा, थेट तिच्या माहेराच्या दिशेला. ती तिथे बसून राहिली. भाऊ येईल तेव्हा त्याचा उंट इथूनच आधी दिसेल, असं तिच्या मनात आलं. हात मोकळे होते आणि मोकळे हात तिला सहन होत नसत. तिने दगड गोळा केले आणि एक उतरंड रचली. अगदी नीट, सुबक. वर एक पांढराशुभ्र गोटा ठेवला. लहानपणी ती आणि तिचा भाऊ वाळूचे खोपे करत, तेव्हाही शेवटी वर पांढरा गोटा ठेवायचं काम तिचंच असे.

ती आठवी उतरंड.

घरी आल्यावर म्हाताऱ्याने रोजच्यासारखं विचारलं, “किती?”

“सात,” सून म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिचा पाय उगाच जमीन उकरत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, सज्ज्याकडे जायला एकच उतरंड पुरत नाही. वाटेत आणखी एक हवी. मग आणखी एक. चार दिवसांत तिसऱ्या उतरंडीपासून सज्ज्यापर्यंत पाच उतरंडी झाल्या, पाचांवरही पांढरे गोटे. संध्याकाळी फिरायला गेलेल्या लोकांनी त्या पाहिल्या. काकू दारात येऊन म्हणाली, “बाई, हात चांगला आहे हो तुझा. वरून काय दिसतं ते. इतकी वर्षं आम्ही खालूनच जात होतो.”

असं कौतुक तिचं या गावात कुणी पहिल्यांदाच केलं होतं.

मग स्वतः पाच रचून दुसऱ्याची एक कशी मोडायची? तिने मोडणं बंद केलं. लोकांना ते दोन दिवसांत कळलं. मग काय विचारता. ज्याला मूल झालं त्याने रचली, ज्याला झालं नव्हतं त्यानेही रचली. कुणी सावलीच्या जागेकडे वाट काढली, कुणी बोरीच्या झाडाकडे. दोघा भावांनी एकमेकांपेक्षा उंच रचायची पैज लावली. एक बाई म्हणाली, “वाटसरूंना जितक्या खुणा जास्त तितकं बरंच की.” सगळ्यांना ते पटलं.

म्हातारा रोज विचारी, “किती?”

सून रोज सांगे, “सात.”

आता घोरपडी बोलत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण मावशीच्या गोष्टीत एक घोरपड बोलते, म्हणून मी लिहिते.

एकदा सून एक चपटा दगड उचलायला वाकली, तेवढ्यात खालून आवाज आला, “ते माझं छप्पर आहे.”

सुनेने पाहिलं. एक घोरपड बिळातून मान वर काढून बघत होती. “या महिन्यातलं चौथं,” ती म्हणाली. “चार वेळा घर बदललं मी. कशासाठी हवाय?”

“उतरंडीला. लोकांना वाट दिसावी म्हणून.”

“कुठल्या लोकांना?”

“लोकांना म्हणजे लोकांना. आमच्या गावच्या.”

“त्यांना वाट दिसत नाही का? रोज तर हसत खिदळत जातात माझ्या डोक्यावरून.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” सून म्हणाली आणि दगड घेऊन निघाली. तिला घाई होती. कसली घाई, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अमावस्या झाली. सून दिवस मोजू लागली. नऊ दिवसांची वाट. सातव्या दिवसापासूनच तिला जेवण जाईना. आठव्या दिवशी तिने अंगण तीनदा झाडलं. नवव्या दिवशी सकाळी ती सज्ज्यावर जाऊन बसली, पण वारा सुटला होता, वाळू उडत होती, लांबचं काही दिसत नव्हतं. डोळे चुरचुरायला लागले तशी ती खाली उतरली. आल्याआल्या भावाला गरम भाकरी मिळावी म्हणून घरी येऊन चूल पेटवली. सकाळची दुपार झाली. भाकऱ्या गार झाल्या.

उन्हं कलली तेव्हा विहिरीवर एकदम आवाज वाढला. सून धावत गेली.

विहिरीच्या दोणीत तोंड घालून एक उंटीण पाणी पीत होती. एकटीच. तिची वेसण जमिनीवर लोळत होती. पाठीवरची पखाल चपटी, रिकामी, बाजूला लोंबत होती. गळ्यात लाल लोकरीचा गोफ होता. तो गोफ सुनेच्या आईने विणलेला होता. उंटिणीचं नाव सावळी. सून लहानपणी तिच्या पाठीवर बसलेली होती.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पखाल रिकामी होती, म्हणजे तिचा धनी कमानीपर्यंत पोचला होता. कमानीखाली त्याने रीतीप्रमाणे सगळं पाणी उंटिणीला पाजलं होतं. आणि कमानीपासून विहिरीपर्यंतच्या एवढ्याशा वाटेवर, डाळ शिजायच्या आत संपते त्या वाटेवर, तो हरवला होता.

माणसं पाणी घेऊन निघाली. पण सातव्या उतरंडीच्या पुढे गेली आणि थांबली. समोर जिकडेतिकडे उतरंडी होत्या.

“इकडून जाऊ. ही खरी वाट.”

“ती खरी कशी? ती तर तुझ्या मेव्हण्याने रचलेली.”

“मग तुझी खरी का? तू तर बोरं खायला काढलीस.”

चौघे चार दिशांना गेले. हाका मारल्या तर वारा हाका उडवून नेत होता. थोड्या वेळाने त्यांच्यातलाच एक जण चुकला आणि लोकांना त्यालाही शोधावं लागलं. आता गावातल्या माणसालाही आपली वाट सापडेना.

सून घरी पळत आली. म्हातारा दारात भिंत धरून उभा होता.

“मामंजी, सात नाहीत.”

म्हाताऱ्याने विचारलं, “किती आहेत?”

“मला मोजता येणार नाहीत. मी मोडल्याच नाहीत. पहिली मीच रचली.”

म्हाताऱ्याला बोलण्यासारखं खूप होतं, पण ती वेळ बोलायची नव्हती. तो एवढंच म्हणाला, “सगळे इकडून शोधतायत. तो इकडून गेलेला नाही, पोरी. तो तिकडून आलाय.”

सुनेने पाण्याची घागर कमरेवर घेतली आणि ती कमानीकडे धावत सुटली. तिला वाट ठाऊक होती. तिला उतरंडी बघायची गरज नव्हती. ती कमानीखाली जाऊन उभी राहिली आणि वळली.

वर्षभर ती इथे येत होती. गेला महिनाभर तर रोज येई, कमानीला हात लावी आणि घाईघाईने परत फिरे. लग्न होऊन आली तेव्हाही ती वऱ्हाडाच्या मागून आली होती. पण आपल्याला काही ठाऊक नाही, गाव कुठे आहे, विहीर कुठे आहे, असं मनात धरून ती कधीच इथे उभी राहिली नव्हती. आज राहिली. समोर ना घर होतं, ना धूर. नुसते गोल खडक, आणि दगडांचे ढीग. उजवीकडे, डावीकडे, उंच, बुटके. सगळे म्हणत होते, माझ्याकडे ये. म्हातारा पहिली उतरंड इथून का मोजत होता, ते तिला तेव्हा कळलं.

माणूस यातली कुठली धरेल? नऊ दिवस चाललेला, घसा सुकलेला माणूस?

तिची नजर फिरत फिरत एका जागी थांबली. सगळ्यांत सुबक, सगळ्यांत नीट रचलेली, उन्हात चमकणारा पांढरा गोटा डोक्यावर असलेली. त्यापुढे तशीच दुसरी. त्यापुढे तिसरी.

आपल्याच हातच्या पाच उतरंडी एकामागून एक ओलांडत ती वर सज्ज्यावर गेली. सज्ज्याच्या पुढे वाट नव्हती. पुढे कडा होता. ती पालथी पडली आणि खाली वाकून बघितलं.

खाली खडकाच्या बेचक्यात तिचा भाऊ पडलेला होता. एक पाय अंगाखाली वाकडा झाला होता. ओठ फुटले होते. पण छाती वरखाली होत होती.

ती कशी उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. तिने पदर भिजवून त्याच्या ओठांवर धरला. थेंब थेंब पिळला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“अक्का,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं तू येशील.”

“बोलू नकोस. पाणी पी.”

“सावळी ऐकत नव्हती,” तो म्हणाला. “सारखी उजवीकडे ओढत होती. तिला पाण्याचा वास आला असणार. मी तिला वेसण धरून इकडे आणलं. म्हटलं, सावळीपेक्षा माझ्या अक्काला जास्त कळतं.” त्याने थुंकी गिळली. “पांढरा गोटा बघितला ना. ओळखला मी. म्हटलं, अक्काने माझ्यासाठी वाट दाखवून ठेवलीय.”

आयुष्यात पहिल्यांदा सून अजिबात न हलता बसून राहिली.

शोधत तिथवर आलेल्या गावकऱ्यांनी भावाला बाजेवर घालून घरी आणलं. वैदूने पाय सरळ करून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, “दोन महिने हलायचं नाही.” दोन महिने म्हणजे पाऊस येऊन जाणार होता. सून एकटी निघाली तर तिला वाळवंटातली वाट ठाऊक नव्हती, आणि त्या दिवसांत पलीकडे जाणारा एकही तांडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सून वाटेवर गेली. आधी स्वतःच्या पाच मोडल्या. मग बाकीच्या. लोक बघत उभे राहिले. कुणी लगोरीची चेष्टा केली नाही. काकूने आपल्या हाताने आपल्या नातवाची उतरंड मोडली. तरी सगळं साफ व्हायला अकरा दिवस लागले. रोज संध्याकाळी म्हातारा विचारी, “किती?” आणि सून खरा आकडा सांगे. एकतीस. बावीस. चौदा. अकराव्या दिवशी ती म्हणाली, “सात.” म्हाताऱ्याने मान हलवली. त्या दिवशी त्याने तिला शेजारी बसवून आपल्या हाताने ताक दिलं.

महिन्याभराने पलीकडून एक वाटसरू आला. ऐन वाऱ्याच्या दिवशी, भर दुपारी. पहिल्या उतरंडीपाशी उभं राहून त्याने दुसरी पाहिली, दुसरीपाशी तिसरी, आणि कुठेही न थांबता तो थेट विहिरीपाशी येऊन पोचला. पाणी पिऊन त्याने वाटराख्याचं घर विचारलं. त्याच्याकडे सुनेसाठी निरोप होता. तिची आई शेवटचे आठ दिवस दाराकडे तोंड करून झोपत होती, आणि पहिल्या पावसाआधीच ती गेली होती.

निरोप ऐकून सून आत गेली. खुंटीवरचं गाठोडं खाली घेतलं. आतली लुगडी एकेक करून पेटीत ठेवली.

पुढे म्हातारा गेला. भाऊ बरा झाला, पण त्याचा एक पाय आखूड राहिला तो राहिलाच. सून म्हातारी होईपर्यंत वाट राखत होती. नव्या माणसांना तिचा राग येई. तिने आपल्या नवसाची खूण मोडली म्हणून कुणी तिच्या दारात येऊन भांडे. ती ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

तात्पर्य: वाटेवरची खूण ही ज्याला वाट ठाऊक नाही त्याच्यासाठी असते, ठाऊक असणाऱ्याने आपल्या हौसेपायी तीत भर घालू नये.

मावशी इथे थांबली. माझी बहीण रडत होती. तिने विचारलं, “मग तिला कुणी माफ केलं का गं?” मावशी म्हणाली, “अगं, माफ तर तिच्या भावाने त्याच दिवशी केलं होतं. मामंजींनीही केलं. पण ती रोज पहाटे उठून जायची ते माफीसाठी नव्हे. ती जायची, कारण पलीकडून रोज कुणी ना कुणी वाट ठाऊक नसलेलं येऊ शकतं.”

“उत्तरा, अगं कुठे आहेस? राहिलेले तांदूळ झाले का निवडून?” खालून मावशी हाक मारते आहे, आणि वही अजून माझ्या मांडीवरच आहे, मला आता उठायलाच हवं.